बांधावरची पत्रं : बाग तोडायची का, ते एप्रिलमध्ये ठरवा

या वेळी पत्रं बरीच आली पण चारच घेते, कारण पहिल्याच पत्राला उत्तर लिहिता लिहिता माझी पानं भरत गेली आणि मला ते आखडतं घ्यावंसं वाटेना. नावं कुणाचीच देत नाही, तालुका तेवढा देते.

प्रश्न : मावशी, आमची तीन एकर जमीन आहे. एक एकर थॉमसन द्राक्षाची बाग, चौदा वर्षांची. दीड एकर कांदा, बाकी घासाला आणि घराला. यंदा ऑक्टोबर छाटणी झाली आणि बाग फुलोऱ्यात असताना चार दिवस पाऊस लागून राहिला, डावण्या (बुरशीचा रोग) आला, अर्धे घड गळकुजीत गेले. मिस्टर म्हणतात आता बस्स, जेसीबी बोलवू, बाग काढू आणि मी सातपूरला कंपनीत लागतो. सासरे दोन दिवस जेवले नाहीत कारण बाग त्यांनी लावलेली. मी मधे अडकले आहे, दोघं माझ्याकडेच बघतात. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज पण आहे. काय करू? (वय २९, निफाड तालुका)

उत्तर : पोरी, तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी बागेत गेल्यावर परत एकदा वाचलं, कारण आमच्या घरात अगदी हेच झालेलं आहे.

२०१४ च्या मार्चमधली गारपीट तुझ्या माहेरच्यांना आठवत असेल. आमचा माल तोडणीला बारा दिवसांवर आला होता, व्यापारी बघून गेलेला. दुपारी अंधारून आलं आणि वीसेक मिनिटं पत्र्यावर असा आवाज की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर सासरे तसेच अनवाणी बागेत गेले, मी मागोमाग. खाली मणी आणि गारा एकत्र पडलेल्या, दोन्ही जवळजवळ सारख्याच आकाराच्या, आणि माझी चप्पल मण्यांच्या रसाने चिकट होऊन मातीला धरायला लागली. सासऱ्यांनी एक घड हातात धरलेला, तो एका बाजूने चांगला होता आणि एका बाजूने पार चेचलेला, तो घड ते नुसते फिरवून फिरवून बघत होते, बोलत काहीच नव्हते. रात्री आमचे हे म्हणाले उद्याच मशीन लावतो. सासूबाई चुलीपुढून एवढंच म्हणाल्या, घडाचं सोडा, आधी ओलांड्याची साल बघून या, किती फाटली ते. ओलांडा म्हणजे खोडापासून तारेवर आडवी गेलेली जाड फांदी.

मला तेव्हा ते बोलणं कठोर वाटलं होतं, आज कळतं की त्या घरातलं सगळ्यात शहाणं बोलणं तेच होतं. घड गेला म्हणजे त्या वर्षीचं उत्पन्न गेलं. ओलांडा आणि खोड शाबूत असेल तर बाग गेलेली नसते. आम्ही बॅटरी घेऊन ओळीने फिरलो, गारांचे वण मोजले, दुसऱ्या दिवशी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारला आणि एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नवी काडी यावी म्हणून जुनी मागे छाटतात ती, केली. ती बाग पुढे सात वर्षं चालली.

आणि हेही सांगते की २०२१ ला आम्ही ती बाग काढली. तेव्हा कुणी रडलं नाही, कुणी जेवण सोडलं नाही, कारण तीन वर्षांची वही समोर होती आणि ती वही सासऱ्यांनी स्वतः वाचली होती. मी काही बाग वाचवाच म्हणून सांगणारी बाई नाही. पण पाऊस पडून गेल्यावर दहा दिवसांत, घरात एक माणूस उपाशी आणि एक रागात असताना बाग तोडू नका. आता नोव्हेंबर आहे, खरड छाटणी एप्रिलला. मधे पाच महिने आहेत, ते वापरा.

काय काय बघायचं ते सांगते.

पहिलं म्हणजे झाडं मोजा. तुमची लागण नऊ बाय पाचवर असेल तर एकरी ९६८ झाडं बसतात. त्यातली आज खरी किती उभी आहेत? एक लाल चिंधी घे आणि सासऱ्यांना बरोबर घेऊन ओळीने फिर. ज्या झाडाच्या खोडाला भोकं पडून भुसा गळतोय तिथं खोडकिडा आहे, ज्याचा ओलांडा एका बाजूने उघडा पडलाय, काडीचे डोळेच (कोंब) फुटत नाहीत, त्याला चिंधी बांध. हे सासऱ्यांकडूनच करून घे, तू नको बांधू आणि मिस्टरांनी तर अजिबात नको. ज्याने लावलं त्याच्या हाताने चिंधी बांधली गेली की पुढचं बोलणं सोपं जातं. शंभर-सव्वाशे चिंध्या निघाल्या तर बाग चांगली आहे असं समज, गॅप भरता येतात. निम्म्या बागेत चिंध्या दिसल्या तर मात्र औषधं-खतं तेवढीच आणि माल निम्मा, ती बाग तुम्हाला दर वर्षी कर्जात लोटणार, हे मी स्पष्टच सांगते.

दुसरं वही. औषध-खतांचा खर्च सगळेच लिहितात कारण दुकानदाराची उधारी असते, आमच्या वहीत एका वर्षी ३४ फवारण्या निघाल्या होत्या. मजुरीही लिहितात, कारण विरळणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या येतात, त्यांचा हिशोब रोखीचा. लिहीत नाहीत ते घरचं काम. तू पहाटे साडेचारला उठून ब्लोअरसाठी, म्हणजे फवारणीच्या मशीनसाठी, पाणी भरतेस, औषधं कालवतेस, टोळीला चहा करतेस, दुपारी स्वतः शेंडा मारायला (वाढते शेंडे खुडायला) जातेस, संध्याकाळी गाईची धार काढतेस, हे कुठे लिहिलेलं आहे? आजपासून लिही. किती तास, कोणी, कोणतं काम. रोज दोन ओळी, झोपायच्या आधी. मजुराला जो रोज देता तोच घरच्या माणसाला लाव. मार्चअखेर बाग तुम्हाला काय देते आणि तुमच्याकडून काय घेते हे पहिल्यांदा खरं दिसेल. मला ते दिसलं तेव्हा मी चाळिशीची होते आणि वाटलं की हे पंधरा वर्षं आधी का नाही केलं.

तिसरं, बाग काढायचीच ठरली तरी मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा काढू नका. ही चूक आमच्या शेजारच्यांनी केली, रागाच्या भरात लोखंड भंगाराच्या भावात दिलं आणि दोन वर्षांनी मांडव परत उभा करायला किती पैसे लागतात ते बघून गप्प बसले. त्याच मांडवावर कारलं, दोडकं, गिलकं, भोपळा सगळं चढतं, ड्रिप तीच, बाजार नाशिकचा जवळ. आणि सगळी एकरभर एकदम काढायची असाही नियम नाही. चिंध्या जिकडे जास्त निघतील तो अर्धा भाग काढा, चांगल्या ओळी ठेवा, त्यात वीस गुंठेच बाग राहिली तरी तुमच्या दोघांच्या हातून तिची निगा जास्त चांगली होईल. मला स्वतःला तुमच्यासाठी हाच मार्ग बरा वाटतो, पण चिंध्या मोजल्यावरच.

ठेवली तर एप्रिल-मे-जूनकडे लक्ष द्या, पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात तेव्हाच तयार होतो आणि त्याला ऊन लागतं. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि ढग हटेनात, त्याचा फटका ऑक्टोबर छाटणीनंतर कित्येकांना बसला, पानं भरपूर आणि घडच नाहीत. म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडी तपासून घ्या, डोळ्यात घड आहे की नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, नसेल तर पुढचा सगळा खर्च आधीच आवरता येतो.

आणि यंदाचे जे घड वाचलेत ते सोडून देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी काय असते ते तुला सांगायला नको, पारा पाच-सहाच्या खाली गेला की मणी फुगत नाहीत आणि तयार मालाला तडे जातात. पहाटे बांधावर शेकोट्या करा, ड्रिप चालू ठेवा. अर्ध्या मालाने निदान सोसायटीचा हप्ता निघाला पाहिजे. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत भरलं तर व्याज सवलतीत जवळजवळ शून्यावर येतं, मुदत चुकली की ती सवलत गेली, म्हणून भरायचा नंबर पहिला सोसायटीचा, दुकानदाराचा नंतर. तोडणीच्या वेळी पैसे हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. आमचा एका वर्षीचा माल एका व्यापाऱ्याने अर्धे पैसे देऊन नेला, बाकीचे पुढच्या आठवड्यात म्हणाला, त्याचा फोन आजतागायत बंद आहे. त्या वर्षी मुलीच्या फीसाठी माझी पोत मोडली.

मिस्टरांच्या नोकरीचं शेवटी लिहिते. त्यांना जाऊ दे. सातपूर-अंबडला आमच्या दिंडोरी-निफाडची शेकडो पोरं शिफ्ट करतात आणि सुट्टीच्या दिवशी औषध मारतात. महिन्याच्या महिन्याला घरात पगार आला तर कांदा पडत्या भावात विकायची घाई राहत नाही, हा केवढा मोठा फरक आहे. पण मग दिवसाचं शेत तुझ्या एकटीवर येईल, ते आधी तिघांनी बसून बोला, तू मुकाट्याने अंगावर घेऊ नको. मजूर कधी लावायचा, पैसे कोणाच्या खात्यावर यायचे, दुकानात कोणाच्या सहीने माल यायचा हे सगळं तेव्हाच ठरव. आणि सासऱ्यांना आज संध्याकाळी भाकरी घेऊन बागेतच जा, घरात नाही जेवत ते तिथं जेवतील.

प्रश्न : ताई, दोन वर्षं झाली उन्हाळ कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर खोलीत) ठेवतो आणि ऑगस्टपर्यंत निम्मा सडतो, वास सुटतो. लगेच विकला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. चाळीतच काही दोष आहे का? (चांदवड तालुका)

उत्तर : दादा, चाळ बघितल्याशिवाय बोलणं अवघड आहे पण बहुतेक वेळा कांदा चाळीत सडत नाही हो, तो शेतातूनच सडायचा होऊन येतो. तुम्ही काढणीच्या आधी पाणी कधी तोडता? पंधरा दिवस आधी तोडायला पाहिजे, वजन वाढावं म्हणून शेवटचं एक पाणी दिलं जातं आणि तिथंच सगळं बिघडतं. युरिया दोन महिन्यांच्या पुढे टाकला असेल तर मान जाड राहते आणि जाड मानेचा कांदा टिकतच नाही. निम्म्याच्या वर माना पडल्या की काढायचा, काढल्यावर लगेच कापायचा नाही, ओळीने असा पसरायचा की एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर येईल, तीन-चार दिवस. मग एक इंच मान ठेवून कापायचा आणि सावलीत दहा-बारा दिवस पातळ ढीग करून सुकवायचा. ही सावलीची पायरी आपल्याकडे सर्रास गाळतात कारण जागा नसते आणि मजूर परत बोलवावे लागतात. भरताना जोड कांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), चिंगळी (बारीक कांदा), कापलेला, सगळं बाजूला, ते आधी विकून मोकळे व्हा.

चाळीला खालून हवा लागते, जमिनीपासून दीड-दोन फूट मोकळं पाहिजे, पाखी, म्हणजे चाळीचा एका बाजूचा कप्पा, चार फुटांपेक्षा रुंद नको आणि ढीग चार-पाच फुटांच्या वर नको. माझा अंदाज आहे की तुम्ही पाच फुटांच्या वर भरताय, कारण मधल्या थरात ऊब धरली की पाऊस सुरू झाल्यावर असाच वास सुटतो. चाळीत हात घालून बघा, आत गरम लागलं तर ती पाखी त्याच आठवड्यात फोडा, वाट बघू नका.

लगेच विकायचा की ठेवायचा, यावर मी एकच सांगते की सगळा एका दिवसाच्या भावावर टाकू नका. तीन भाग करा, एक काढणीला, एक पावसाच्या सुरुवातीला, एक शेवटी. भाव आपल्या चाळीवर ठरत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली, २०२४ च्या मे महिन्यात बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि पूर्ण निघालं ते १ एप्रिल २०२५ ला. ज्यांनी सगळा कांदा ७ डिसेंबरपर्यंत धरून ठेवला होता त्यांचं एका रात्रीत काय झालं हे लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसालाच माहीत. आपल्या नाशिक जिल्ह्याने १९८० साली कांद्याच्या भावासाठी रेल्वे आणि रस्ते अडवले होते, इतकी वर्षं झाली आणि आजही ट्रॅक्टर लिलावात लावताना पोटात गोळा येतोच. तुमचा दोष नसताना भाव पडतो, पण सडणं मात्र बरंचसं तुमच्या हातात आहे, तेवढं यंदा सांभाळा.

प्रश्न : माझे मालक दीड वर्षापूर्वी विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून गेले. दोन एकर सासऱ्यांच्या नावावर होती, ते आधीच वारलेत. दीर म्हणतात शेत तूच कसतेस ना, मग कागद कशाला पाहिजे. पण मला काहीच मिळत नाही, ना कर्ज ना अनुदान. दोन मुलं लहान आहेत. (वय ४१, सिन्नर तालुका)

उत्तर : ताई, कागद पाहिजेच. दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण सातबाऱ्यावर नाव नसलं की तुम्ही कसत असूनही सरकारच्या आणि सोसायटीच्या लेखी शेतकरी नाही, हे तुम्ही रोज अनुभवताच आहात.

तुमच्या मालकांचा जो हिस्सा होता त्यावर तुम्ही आणि मुलं सारखे वारस आहात, विधवा बायकोचा हक्क मुलाइतकाच असतो, त्यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. आधी सासऱ्यांची वारस नोंद झाली आहे का ते तलाठ्याकडे जाऊन बघा, झाली नसेल तर तिथून सुरू करा, त्यात दीर, नणंदा सगळ्यांची नावं येतील आणि मालकांच्या जागी तुमचं आणि मुलांचं. दोघांचे मृत्यूचे दाखले, सातबारा, आठ-अ, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र एवढं घेऊन जा. अर्ज दिला की पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका, फेरफार (नावबदलाच्या नोंदीचा) नंबर वहीत लिहून ठेवा. मधे कुठे सही मागितली तर आधी वाचून घ्या, हक्कसोडपत्रावर तर अजिबात सही करू नका, ते कुणी कितीही गोड बोलून पुढे केलं तरी.

दुसरं, शेतात शॉक लागून गेलेल्या शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, दोन लाख मिळतात, आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा घरातल्या एका माणसालाही त्यात धरतात. तुमचे दिवस बरेच गेलेत, तरी उद्याच तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा, पोलीस पंचनामा आणि पोस्टमार्टमचे कागद बरोबर न्या. उशीर झाला म्हणून तिथं तोंडी नाही म्हणाले तर लेखी मागा.

चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं, लाखाने बायका आल्या होत्या. माझी आई गेली होती, भाकऱ्या बांधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. पुढे त्याच चळवळीतून लक्ष्मीमुक्ती निघाली, नवऱ्याने आपण होऊन बायकोचं नाव जमिनीला लावायचं, आणि कितीतरी गावांत ते लागलं. माझ्या आईचं नाव लागलं त्या दिवशी तिने सातबारा देवघरात ठेवला होता, तिला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठल्या ओळीत आहे ते तिला बोटाने दाखवता यायचं. तुमचं नाव लागलं की मला कळवा, मी वाट बघते.

प्रश्न : मी बारावीला आहे. आमच्या फिडरला आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची लाईट असते, पप्पांना कंबरेचा त्रास आहे म्हणून पाणी भरायला मीच जातो. अभ्यास होत नाही आणि बिबट्याची पण भीती वाटते. पप्पांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. (दिंडोरी तालुका)

उत्तर : बाळा, पप्पांना सांग. त्यांना वाईट वाटेल ते एक दिवस, पण तू न सांगता कुढत राहिलास तर तू नापास झाल्यावर त्यांना जे वाटेल ते फार जास्त असेल. बोलताना नुसती तक्रार घेऊन जाऊ नको, लाईटचं वेळापत्रक आणि तुझ्या परीक्षेचं वेळापत्रक एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ने. फेब्रुवारी-मार्चचे ते वीस-बावीस दिवस चुलतभावाने किंवा शेजाऱ्याने पाणी धरायचं, बदल्यात मे महिन्यात तू त्याचं धरायचं, असं आमच्या वस्तीवर पोरं करतात आणि कुणी मोडत नाही. पप्पांना सौर पंपाचा अर्ज भरून दे, ते ऑनलाईन तुला पटकन जमेल, पंप बसला की पाणी दिवसा भरता येईल.

तोपर्यंत एकट्याने जायचं नाही. दोघं जा, मोठी बॅटरी आणि काठी घ्या, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, कानात घालून नाही. उसाच्या कडेने वाकून बसायचं नाही, दारं मोडताना (पाणी एका सरीतून दुसरीत वळवताना) पाठ उसाकडे करायची नाही, बिबट्या बसलेल्या माणसावर येतो. स्टार्टरला ओल्या हाताने हात लावू नको, कोरडी फळी टाकून तिच्यावर उभं राहा. वरच्या सिन्नरच्या ताईंचं पत्र पप्पांना वाचून दाखव, म्हणजे ती फळी ते उद्याच टाकतील.